आधी ट्रेलर काट्यावर घाला

पत्र थोडक्यात असं: चिकोडी तालुक्यातले एक शेतकरी वाचक लिहितात. घरी ऊस, म्हशी आणि दोन जनावरं हौसेची: एक मारवाडी घोडी, एक काठेवाडी घोडा. बारा वर्षांची मुलगी घोडेस्वारी शिकते. तिच्या स्पर्धांसाठी घोडी कधी कोल्हापूरला, कधी पुण्याला न्यावी लागते, आणि वर्षातून एकदा सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाणं होतं. आजवर भाड्याचा टेम्पो करत होते. गेल्या पावसाळ्यात टेम्पोत चढताना घोडी घसरली, गुडघा फुटला. तेव्हापासून टेम्पो दिसला की ती मागं सरते. आता दोन घोड्यांचा ट्रेलर बांधून घ्यायचा आणि तो ओढायला फोर व्हील ड्राईव्ह गाडी घ्यायची, असं त्यांनी ठरवलंय. हातात पंधरा लाख आहेत. मित्र म्हणतो थार घे, कोल्हापूरचे दाजी म्हणतात जुनी फॉर्च्युनर घे, वडील म्हणतात टेम्पोलाच चांगल्या फळ्या मार. रानातून डांबरीपर्यंत दोन किलोमीटर पाणंद आहे, सगळी काळी माती. पावसात टेम्पो तिथं येतच नाही. "सगळ्यात भरवशाची फोर बाय फोर कुठली, तेवढं एकदा सांगा."

नमस्कार.

तेवढं एकदा सांगून मोकळी झाले असते. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझं बोट एकाच वाक्यावर थांबलं: घोडी टेम्पोत चढताना घसरली. ती चढताना घसरली, म्हणजे फळी निसरडी होती, चढ उभा होता, कदाचित घाई होती. यातलं एकही दुखणं गाडीच्या इंजिनाचं नाही. उद्या तुम्ही दारात टोयोटाची हायलक्स उभी केलीत आणि मागच्या ट्रेलरची फळी तशीच गुळगुळीत असली, तर घोडी तशीच घसरेल. हे आधी बोलून घेतलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आता पाणंद. काळी माती पावसात कशी धरते ते मला शिकवू नका, माझं माहेर अथणीकडचं. पण मला सांगा, तुमच्या घरी ट्रॅक्टर आहे ना? ऊस आहे म्हणजे असणारच. मग रिकामा ट्रेलर डांबरीपर्यंत ट्रॅक्टरनं नेऊन ठेवा, म्हणजे फक्त हुकाची जोडणी आणि उंची जुळवून घ्यावी लागेल. आणि घोडी? ती दोन किलोमीटर चालत येईल. देवानं तिला चार पायांवरच घातलंय. तुमच्याच तालुक्यातले अंकलीच्या शितोळे सरकारांचे मानाचे अश्व माउलींच्या वारीसाठी दर वर्षी पार आळंदीपर्यंत चालत जातात. मग तुमच्या घोडीला पाणंद जड नाही. म्हणजे ज्या दोन किलोमीटरसाठी तुम्ही फोर व्हील ड्राईव्हचे जास्तीचे पैसे घालायला निघालात, त्यांची सोय गोठ्याशेजारी आधीच उभी आहे.

हौस असेल तर तसं सांगा. चारचौघांत फोर बाय फोर मिरवावी असं वाटणं पाप नाही. पण हौसेची गाडी आणि घोडी ओढायची गाडी एकच असेल, असं गृहीत धरू नका.

फोर व्हील ड्राईव्ह अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. स्पर्धेचं मैदान ओलं असतं, गवतावर भरलेला ट्रेलर उभा राहिला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. तिथं ती उपयोगी. त्याहून उपयोगी म्हणजे लो गिअर, हळू वेगात जास्त ओढ देणारा. पण लोक समजतात की चार चाकांना ताकद मिळाली म्हणजे गाडी चारही चाकांनी जास्त चांगली थांबते. तसं नाही. ब्रेक आधीच चारही चाकांना असतात. फोर व्हील ड्राईव्ह गाडीला चिखलातून बाहेर काढते. उतारावर मागून ढकलणाऱ्या दोन टनांपुढं तिचं काही चालत नाही.

हे मी लहानपणी जीपच्या मागच्या बाकावर बसून शिकले. वडिलांची जुनी फोर बाय फोर जीप होती, जांबोटीकडच्या लाल चिखलात कुठंही अडायची नाही, आणि त्याचा आम्हा पोरांना भलता अभिमान. एकदा मागं छोटी ट्रॉली जोडून भाताचे भारे आणत होतो. मलप्रभेच्या पुलाकडं उतार लागला, वडिलांनी ब्रेक दाबला, आणि ट्रॉली मागं राहायची सोडून आमच्या बाजूला आली. जीप रस्त्यावर आडवी. कुणाला लागलं नाही, भारे मात्र अर्धे रस्त्यात. ट्रॉलीला ब्रेक नव्हते. जीपच्या चारही चाकांना ताकद असून काही उपयोग झाला नाही. त्या ट्रॉलीत भाताऐवजी जिवंत जनावर असतं तर काय, हा विचार वडिलांनी पुढं कितीतरी वर्षं बोलून दाखवला.

तुम्हाला पुण्याला जायचंय. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हाला माहीत आहे. तिथले अपघात तुम्ही पेपरात वाचलेत: न्यूट्रलवर सोडलेले ट्रक, तापून गेलेले ब्रेक. निपाणीकडं तवंदीचा घाट, बेळगावच्या बाजूला वंटमुरीचा. तेव्हा गाडी निवडताना "किती ओढते" हा दुसरा प्रश्न. पहिला हा, की मागं भरलेला ट्रेलर घेऊन ती कुठं आणि कशी थांबते.

म्हणून आधी आकडे. मारवाडी घोडी साधारण चारशे किलोच्या आसपास धरा, काठेवाडी थोडा हलका. दोघांचे मिळून सातशे-आठशे. आपल्याकडं लोखंडी अँगल आणि पत्र्याचा दोन घोड्यांचा ट्रेलर बांधला तर तो रिकामाच हजार-बाराशे किलोला जातो, कारण आपले फॅब्रिकेटर प्रेमानं लोखंड घालतात. वर कडबा, पाण्याचे कॅन, खोगीर, सामान. झाले दोन टन. आता गाड्या बघा. मारुतीची जिम्नी रिकामी जेमतेम बाराशे किलोची. थार तिच्याहून पुष्कळ जड, पण दोन टनांच्या खाली. फॉर्च्युनर आणि हायलक्सचा फोर बाय फोर नमुना दोन टनांच्या थोडा वर. इंग्लंडात कॅरव्हॅन ओढणाऱ्या नवशिक्यांना सांगतात की मागचा बोजा गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवा. या हिशेबानं दोन घोडे भरलेला देशी ट्रेलर फॉर्च्युनरलाही जास्त होतो. दाजींना हे सांगताना माझं नाव घेतलंत तरी चालेल.

तुम्ही "दोन घोड्यांचा ट्रेलर" असं लिहिलंत, पण तुमची मुलगी एका वेळी एकाच घोड्यावर बसते. कोल्हापूर-पुण्याच्या किती फेऱ्यांना दोन्ही जनावरं लागतात? पत्रावरून मला वाटतं, वर्षातून एकदाच, सारंगखेड्याला. तो प्रवास तुमच्याकडून सहाशे किलोमीटरच्या वर. दत्त जयंतीला जाणारी तुमच्यासारखी आणखी माणसं असतील. त्यांच्याबरोबर घोड्यांसाठी नीट तयार केलेला ट्रक भाड्यानं करा. बाकीच्या वेळी ट्रेलर दोन घोड्यांचा असला तरी आत एकच घोडी. मग बोजा दीड टनाच्या आसपास येतो आणि गाडी निवडणं एकदम सोपं होतं. एकच घोडी नेताना तिला उजव्या बाजूच्या खणात उभी करा. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, रस्ता डावीकडं उतरता असतो. वजन डाव्या बाजूला पडलं तर ट्रेलर कडेला ओढतो.

कायद्याचंही बघू. १९७८ चे प्राणी वाहतुकीचे नियम घोड्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी सविस्तर आहेत. डॉक्टरांचा दाखला हवा, तळाला घसरू नये असं काहीतरी हवं, आणि घोडे नेणाऱ्या गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको. ३५! म्हणजे तुमच्याकडून पुणे तीनशे किलोमीटर धरलं तर थांबे सोडून साडेआठ तास. या वेगाला दोनशे हॉर्सपॉवरचं काय करणार? (हॉर्सपॉवर मागच्या ट्रेलरमध्ये एक उभी आहेच.) एवढा वेळ घोडीनं उभं राहायचंय. दर तीन-चार तासांनी थांबून तिची मान मोकळी सोडा, खाली घालू द्या. मान वर बांधून लांबचा प्रवास केला की नाकातली घाण छातीत उतरते आणि पोहोचल्यावर ताप भरतो. पुण्याची स्पर्धा सकाळी असेल तर आदल्या दिवशी निघून साताऱ्याच्या आसपास मुक्काम करणं शहाणपणाचं.

वडिलांचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उडवून लावलंत. मी त्यांच्या बाजूनं थोडं बोलते. टेम्पोत घोडी चालकाच्या मागं, त्याच चौकटीवर, त्याच ब्रेकवर उभी असते. मागून ढकलणारं काही नाही, हूक नाही, उलटं घेताना वाकडं होणारं काही नाही. तुमचा टेम्पो वाईट ठरला तो फळ्या वाईट होत्या म्हणून. लांब, कमी उताराची रॅम्प, तिच्यावर आडव्या पट्ट्या आणि रबरी मॅट, आत बाजूंना काथ्याची किंवा फोमची गादी: हे काम बेळगावात उद्यमबागेतला कुठलाही बरा फॅब्रिकेटर करेल. रॅम्प सुटी ठेवली तर तुम्ही बोलावाल त्या टेम्पोला लागेल. वर्षाला तुमच्या सहा-सात फेऱ्या असतील, तर पंधरा लाखांच्या व्याजातसुद्धा चांगला टेम्पो आणि चांगला चालक मिळतो. मी तुमच्या जागी असते तर हे एक वर्ष असंच काढलं असतं. वडिलांचं तेवढं मान्य करून टाका, ते खूश होतील.

पण मुलगी पुढं खरंच स्पर्धांत उतरणार असेल, महिन्याला फेरी होणार असेल, तर स्वतःचा ट्रेलर हवा हे मला पटतं. भाड्याच्या टेम्पोचा चालक ब्रेक कसा मारेल हे आपल्या हातात नसतं. मग क्रम उलटा करा: आधी ट्रेलर, मग गाडी.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, यावर मी वाद घालणार नाही. उसाच्या ट्रॉलीचा जुना एक्सल लावून कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. साधी पद्धत अशी: गाडी मंदावली की ट्रेलर पुढं ढकलतो, त्या ढकलण्यानंच हुकातला दांडा आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. हूक तुटला तर आपोआप ब्रेक ओढणारी तार, शिवाय दोन साखळ्या. कुठला पाटा लावता तेही विचारा. टेम्पोचे कडक पाटे रिकाम्या ट्रेलरमध्ये घोडीला खिळखिळी करतात. छत घोडीला मान उचलता येईल एवढं, सव्वासात फूट तरी. तळाच्या फळ्या दर महिन्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघायच्या, कारण घोड्याच्या मुतानं लाकूड खालून कुजतं आणि वरून कळत नाही. आणि हुकाचा गोळा: बाहेरून आणलेल्या सामानात ५० मिलिमीटरचे आणि दोन इंचाचे असे दोन्ही मिळतात. फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी, डोळ्याला दिसत नाही. मोठ्या वाटीत छोटा गोळा बसला तर खड्ड्यात सुटू शकतो. दोन्हींवरचा आकडा वाचून घ्या.

ट्रेलर तयार झाला की तो साखर कारखान्याच्या काट्यावर घाला. हंगामात रांगेत उसाच्या गाड्या असतात, ओळखीच्या काटेवाल्याला दुपारचं विचारा. आधी रिकामा, मग घोडी, कडबा, पाणी सगळं भरून. मग फक्त पुढचं नाक, म्हणजे हुकाकडचं टोक, काट्यावर ठेवून तेही वजन घ्या. नाकावर एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के हवं. नाक हलकं पडलं तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. ट्रॉलीत माल मागं भरला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चालताना शेपूट हललंच तर ब्रेक दाबू नका, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

आता गाडी. तुम्ही इतका वेळ धीर धरलात.

थार नको. गाडी चांगली आहे, रानात तर फारच. पण तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर. एवढ्या आखूड गाडीला मागचा लांब बोजा सहज फिरवतो. जिम्नी विचारातच घेऊ नका. ज्या गाड्या मुळात पुढच्या चाकांवर चालतात आणि गरज पडली की मागं ताकद पाठवतात, त्याही नकोत. नाकावर वजन पडलं की पुढची चाकं हलकी होतात. हवी ती शिडीच्या चॅसिसची (खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असलेली), मूळ मागच्या चाकांची, डिझेल, लो गिअरवाली आणि लांब. तुमच्या पैशात बसणारी माझी पहिली पसंती जुन्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसला. ती २०१६ पासून आपल्याकडं आहे, व्हीलबेस ३०९५ मिलिमीटर, मागं सामानाला हौदा. घेताना फोर बाय फोरच आहे ना ते खाली वाकून बघा, कारण त्यात टू व्हील ड्राईव्हचेही नमुने आलेत आणि स्टिकर कुणीही लावतं. सर्व्हिस सेंटर किती लांब पडतं तेही आधी पाहा. दुसरी पसंती स्कॉर्पिओ-एन डिझेल फोर व्हील ड्राईव्ह: सुटे भाग नि मिस्त्री तालुक्याला मिळतात, आणि भरवसा म्हणजे माझ्या लेखी निम्मा तोच. जुनी फॉर्च्युनर तिसरी. इंजिन दणकट आहे, पण पंधरा लाखांत मिळणारी फॉर्च्युनर कुणाकडं किती पळून आलीय यावर सगळं. हायलक्स या सगळ्यांत कामाची, पण तुमच्या आकड्यात ती येत नाही. कर्ज काढून तर घेऊच नका.

कुठलीही घ्या, मालकाच्या पुस्तकात ओढण्याच्या वजनाचं पान शोधा. आपल्याकडं विकलेल्या कित्येक गाड्यांच्या पुस्तकात ते दिलेलंच नसतं. मग कंपनीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. शोरूममधल्या पोराचं "ओढतंय की ओ, आरामात" हे उत्तर नव्हे. हूक चॅसिसला बोल्टनं बसणारा घ्या, बंपरला वेल्डिंग केलेला नको.

जुनी गाडी कोल्हापूर-सांगलीकडची असेल तर पुराचं बघा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. गोव्याकडची असेल तर चॅसिसचा गंज. आणि फोर व्हील लावून बघा, मातीवर, डांबरीवर नव्हे. बहुतेक गाड्यांत ती कोरड्या डांबरीवर लावायचीच नसते, आतले गिअर एकमेकांवर ताण घेतात. वर्षानुवर्षं न वापरलेली फोर व्हील ऐन वेळी लागतच नाही, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

कागदांचं आपल्या सीमाभागात जरा जास्तच. एमएच नऊची गाडी घेतली तर तिकडच्या आरटीओची एनओसी घ्या आणि बारा महिन्यांच्या आत केए तेवीस करून घ्या. दाजींच्या नावावर ठेवून इकडं चालवायचा सल्ला तुम्हाला मिळेल, तो ऐकू नका. अपघात झाला तर विम्यापेक्षा नातं आधी तुटतं. ट्रेलरची नोंदणी उसाच्या ट्रॉलीसारखी वेगळी होते, आणि विमा कंपनीला तो जोडणार असल्याचं लेखी कळवावं लागतं. राज्याची हद्द ओलांडताना घोड्यांसाठी डॉक्टरांच्या दाखल्याबरोबर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा कागद जवळ ठेवा. नमुना हिसारच्या अश्व संशोधन केंद्रापर्यंत जायची वेळ आली तर दिवस लागतात, म्हणून स्पर्धेची तारीख कळली की लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आणि घोडी. ट्रेलर आला म्हणून लगेच तिला घालून पुण्याला निघू नका. आधी तो गोठ्यासमोर उभा करा, चाकांना दगड लावून, रॅम्प पाडून, पुढचं दार उघडं ठेवून उजेड येऊ द्या. रोजचा दाणा रॅम्पच्या पायाशी ठेवा. आठवड्यानं एक पाऊल आत. ओढायचं नाही, मागून चाबूक तर नाहीच. ती मागं सरली तर सरू द्या. हे काम तुमच्या लेकीला सांगा, तुम्हाला घाई असते. घोडी आपणहून आत जाऊन दाणा खाऊन आपणहून बाहेर यायला लागली, की मग दार लावा, पाच मिनिटं पाणंदीवरून ट्रॅक्टरनं हळू फिरवा आणि परत आणा. त्याच दिवसांत तुम्ही रिकामा ट्रेलर जोडून चिकोडी-निपाणी रस्त्यावर पहाटेच्या वेळी चालवायला शिका, उलटं घ्यायलाही. डॅशबोर्डवर पाण्यानं भरलेला पेला ठेवा. तो सांडेनासा झाला की मला कळवा.